निंबळगीची रिकामी समाधी

निंबळगी गावाच्या पूर्वेला, ओढा ओलांडून थोडे चढले की गावाची जुनी दफनभूमी लागते. पाहुणे येतात ते बहुधा पलीकडच्या माळावरचे देऊळ बघायला. पण गावातले जाणते माणूस त्यांना आधी इकडे आणते आणि फाटकाशीच बजावते, की चपला काढा आणि खाली बघून चाला. खाली बघायचे, कारण आत शिरताच अगदी पायाशी एक उघडा खड्डा आहे. चौकोनी, चारी बाजूंनी दगडाने बांधलेला, उतरायला पायऱ्या, आणि समोरच्या भिंतीत एक माणूस मांडी घालून बसेल एवढा कोनाडा. आत पाचोळा नसतो, कारण तो रोज झाडतात. आत कोणी नसते. मेलेले माणूस त्यात आजवर कधीच ठेवलेले नाही, आणि जिवंत माणसे मात्र त्यात पुष्कळ बसून गेली आहेत.

निंबळगी वसवणारी घरे लिंगायतांची. त्यांच्यात माणूस गेला की त्याला जाळत नाहीत, बसलेल्या स्थितीत पुरतात. कपाळाला विभूती, हातात त्याने जन्मभर गळ्यात वागवलेले इष्टलिंग, आणि खड्डा त्याच्या स्वतःच्या पावलाने मोजलेला, नऊ पावले लांब आणि नऊ पावले रुंद. हा उघडा खड्डाही एकाच्या पावलाने मोजलेला आहे. त्या माणसाचे नाव विरपाक्षप्पा. गाव त्यांना नुसते आप्पा म्हणते. त्यांची समाधी शेजारीच, हातभर अंतरावर आहे. एका माणसाच्या दोन जागा कशा, असे पाहुणे विचारतात आणि मग गोष्ट सुरू होते.

किती वर्षांपूर्वीची, ते विचारू नये. सांगणारी प्रत्येक पिढी तिच्यात थोडी भर घालते. दक्षिणेकडच्या एका गावात विहिरी आटल्या आणि काही घरांनी नवी जमीन शोधायचे ठरवले. कर्ते पुरुष पुढे जाऊन या मुलखाच्या देशमुखांना भेटले. देशमुखांकडे धानोरीच्या शिवेला लागून मोठा खडकाळ माळ पडून होता. धानोरीच्या पाटलांचा त्याच्यावर डोळा होता, पण देशमुखांना तिथे नवे गाव हवे होते. अडचण एवढीच, की पूर्वी दोनदा तिथे माणसे येऊन राहिली होती आणि दोन्ही वेळा, शेतसाऱ्याची माफी संपायच्या सुमाराला, पाखरांसारखी उडून गेली होती.

त्यामुळे देशमुखांनी या वेळी अट घातली, असे सांगतात. पाचवी सुगी निघेपर्यंत तीन गोष्टी झाल्या पाहिजेत. देऊळ, विहीर आणि मसणवट. मसणवट म्हणजे नुसती राखून ठेवलेली जागा नव्हे. तिच्यात तुमचे माणूस असले पाहिजे. "जिथं पेरलं तिथून माणूस पळतो," देशमुख म्हणाले, "जिथं पुरलं तिथून पळत नाही. पुरलं नाहीत तर माळ धानोरीला देईन."

पुरुष परत आले ते माना खाली घालून. देऊळ आणि विहीर अंगमेहनतीची कामे होती. तिसरे काम कोणी अंगावर घ्यायचे? निघणारी सगळी घरे तरुण होती. म्हाताऱ्यांना लेकी-जावयांकडे ठेवून जायचे ठरले होते. आप्पांचा मुलगा सिद्रामप्पाही त्यांना बहिणीकडे सोडणार होता, कारण आप्पांना असा खोकला होता, की तीन घरांपलीकडची कुत्री उठून बसत. हे सगळे बोलणे चालू असताना आप्पा कोपऱ्यात घोंगडी पांघरून बसले होते.

आप्पा जन्माचे धास्तावलेले. विहिरीवर गेले की दोर तुटेल असे वाटे, जेवायला बसले की मागच्यांना पुरणार नाही असे वाटे, आणि काही झाले नाही की आता पुढे होईल असे वाटे. उभ्या आयुष्यात एखादे काम आपण नीट केले असे त्यांना एकदाही वाटले नव्हते. पेरले ते दाट झाले, बांधले ते कलले, आणि मुलाचे लग्न लावले तर वाजंत्री पोचायच्या आधी मुहूर्त टळला. पण देशमुखांची अट ऐकताना त्यांच्या मनात प्रथमच आले, की हे काम आपल्याला जमण्यासारखे आहे. मरायला काय अक्कल लागते?

घोंगडीतून हात बाहेर काढून ते म्हणाले, "मी येतो. तिसरं काम माझ्याकडं."

मग आप्पांनी बेलाचे पान उचलले आणि देवासमोर शब्द दिला. "त्या मातीत पहिला मी जाईन. माझ्याआधी कुणी न्हाई."

सिद्रामप्पाला रडू आले, असे सांगतात. बाकीच्यांना हायसे वाटले, हेही सांगतात. पण जरा हळू आवाजात.

तर असे आप्पा बैलगाडीत मागे बसून निंबळगीला आले. पहिल्याच वर्षी विहिरीला पाणी लागले आणि तिथून घोटाळा सुरू झाला. ते पाणी त्यांना मानवले. दिवाळीपर्यंत खोकला निम्मा झाला, संक्रांतीला गेला. आप्पांनी ही गोष्ट काही दिवस लपवून ठेवली. माणसे दिसली की ते थोडे खोकत. पण धडधाकट माणसाचा खोटा खोकला किती दिवस टिकणार? शेवटी एका पहाटे ते शेतावरून हरभऱ्याचा भारा डोक्यावर घेऊन येताना दिसले आणि गावाला सगळे कळले.

तेव्हापासून गावातले बोलणे अवघड होऊन बसले. वाटेत भेटलेला माणूस विचारी, "आप्पा, कसं वाटतंय?" आणि आप्पा अपराध्यासारखे म्हणत, "बरं हाय." तो म्हणे, "असू द्या, असू द्या," आणि पुढे जाई. गावाबरोबर आलेले जंगम, म्हणजे लिंगायतांचे पुरोहित, रेवणय्या स्वामी रोज संध्याकाळी येऊन त्यांची नाडी बघत. बघून झाली की उसासा टाकत.

"कशी हाय, स्वामी?"

"घोड्यासारखी."

"मग?"

"मग काय, आप्पा. उद्या बघू."

आप्पांनी आपल्या परीने प्रयत्न केले नाहीत असे नाही. ते कमी जेवायला लागले. पण सून निलव्वा पहिल्या भाकरीखाली दुसरी लपवून वाढी आणि वर लोण्याचा गोळा ठेवी. थंडीत ते घोंगडीशिवाय अंगणात निजले आणि सकाळी इतके ताजेतवाने उठले, की त्यांना स्वतःची लाज वाटली. यापलीकडे त्यांनी काही केले नाही. देवाच्या दारी रांग मोडून घुसायचे नसते, हे त्यांना माहीत होते. पण रांग पुढे सरकत का नाही, हे त्यांना कळेना. अंथरुणावर पडले की त्यांना वाटे, एवढे एक काम अंगावर घेतले, जे किड्यामुंगीलाही जमते, आणि ते आपल्याला जमत नाही.

गावातले दुसरेही कोणी मरत नव्हते. ईरप्पा विहिरीचा काठ बांधताना तळाशी कोसळला आणि वर काढल्यावर म्हणाला, माझी पहार खालीच राहिली. मल्कप्पाला काळ्या सापाने दंश केला. मल्कप्पा वाचला, साप दुसऱ्या दिवशी बांधावर मरून पडलेला सापडला. निलव्वा अडली, तीन दिवस अडली. स्वामींनी विभूती काढून ठेवली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी बाळंतीण आणि मुलगी दोघी सुखरूप सुटल्या आणि स्वामींनी विभूती परत डब्यात भरली. या गोष्टी घडल्या तशा गाव विसरले. चांगले घडलेले कोण मोजते?

तीन सुग्या गेल्यावर गावाने ठरवले, की निदान खड्डा तरी तयार असावा. आप्पा स्वतः टाचेला टाच लावत नऊ पावले चालले. त्यांची पावले बारकी, म्हणून चौकोनही बारका निघाला.

"आप्पा, लहान होतंय," सिद्रामप्पा म्हणाला.

"मी तरी कुठं मोठा हाय?"

तरी धास्त ती धास्त. गुडघे मावतात का, डोके वर लागते का, हे बघायला आप्पा कोनाड्यात बसून पाहू लागले. उन्हाळा पेटला होता आणि आत गारवा होता. एकदा डोळा लागला. मग दुपारची ती सवयच झाली. गावात कोणाला आप्पा हवे असले की तो खड्ड्याच्या काठावर येऊन हाक मारी.

यातूनच आणखी एक गोष्ट सुरू झाली म्हणतात. दोन भाऊ बांधावरून भांडत होते आणि कोणाचेच ऐकत नव्हते. ज्याच्याकडे जावे तो कोणाचा तरी मेहुणा नाही तर व्याही निघे. ते भांडत भांडत खड्ड्याशी आले. खालून आप्पा म्हणाले, की मी आता निम्मा गेलेला माणूस, मला ना शेत ना बांध, मी सांगू का? आणि त्यांनी सांगितले. ते दोघांनाही पटले. तेव्हापासून माणसे काठावर उभी राहून भांडत आणि खालून निकाल येई. समाधीत बसलेल्या माणसाने पक्षपात केला असे कोण म्हणणार? निकाल दिल्यावर आपले चुकले तर नाही ना, या काळजीने आप्पांना संध्याकाळी भाकरी गोड लागत नसे. पण निकाल फिरवायची वेळ कधी आली नाही.

पाचवी सुगी निघाली. धानोरीचे पाटील बळवंतराव याच दिवसाची वाट बघत होते. त्यांनी देशमुखांकडे जाऊन सांगितले, की निंबळगीत देऊळ आहे, विहीर आहे, मसणवटही आहे. पण तिच्यात जो आहे तो रोज संध्याकाळी उठून घरी जेवायला जातो. देशमुखांचा निरोप आला, की परवा येतो, बघतो.

देवळात गाव जमले. बोलायचे ते सगळ्यांना ठाऊक होते. माणसे जमिनीकडे बघत होती. आप्पा त्यांच्याकडे बघत होते. बघता बघता त्यांना त्या पाच वर्षांची शेते दिसली, दगड वेचून केलेली, आणि ती धानोरीला जाणार होती, केवळ एका माणसाला वेळेवर काम उरकता आले नाही म्हणून.

ठरल्या दिवशी सकाळी आप्पांनी अंघोळ केली, विभूती लावली, इष्टलिंग तळहातावर घेतले आणि ते पायऱ्या उतरून कोनाड्यात बसले. स्वामींना ते म्हणाले, "आज उठणार न्हाई. तुम्ही मंत्र म्हणा. सिद्राम, माती लोट."

सिद्रामप्पाच्या हातात फावडे होते. ते कसे धरतात हे तो जणू विसरला होता. स्वामींना मंत्राचे पहिले अक्षर आठवेना. सगळे गाव भोवती उभे, आणि कोणी हालेना.

तेवढ्यात निलव्वा आली. कडेवर मुलगी आणि हातात पातेलीभर हुग्गी, खपली गव्हाची, गूळ घातलेली वाफाळती खीर. सुगीचा सण होता आणि तिने स्वयंपाक चुकवला नव्हता.

"मामंजी, वर या. जेवून घ्या."

"गाव जाईल, निलव्वा."

"जाऊ द्या." मग ती वळली. सासऱ्यासमोर तिने आजवर मान वर केली नव्हती, असे सांगतात; त्या दिवशी ती सगळ्या पुरुषांकडे एकेक करून बघत बोलली. "ईरप्पा भावजी, तुमी विहिरीत पडला, मेला का? मल्कप्पाला साप चावला, त्यो मेला का? मी तीन दीस मरत हुते. स्वामी, तुमी इभूत काढून ठेवली हुती का न्हाई? मग का मेलो न्हाई आपण? मामंजी म्हणले हुते, माझ्याआधी कुणी न्हाई. देवानं त्यांचा शब्द पाळला, पाच वर्सं पाळला. ही पोर माझ्या कडंवर हाय ती त्या शब्दानं. पुरा त्यांना. आन उद्यापासनं मोजत बसा, आता कुणाची पाळी."

ईरप्पाने आपला खांदा चाचपून पाहिला. रोज नाडी बघणारे स्वामी आपल्याच बोटांकडे बघत राहिले. सिद्रामप्पाने फावडे खाली ठेवले.

आणि आप्पा? आप्पा गोंधळून गेले होते. पाच वर्षे आपल्या हातून काम बिघडते आहे असे ते धरून चालले होते. ते बिघडत होते म्हणूनच एवढी माणसे काठावर उभी होती, हे त्यांच्या मनाला शिवलेही नव्हते. आताही त्यांना ते पुरते खरे वाटेना. पण हुग्गीचा वास खाली येत होता, आणि सकाळपासून पोटात काही नव्हते. निलव्वाने खाली उतरून वाटी त्यांच्या हातात दिली.

त्याच वेळी ओढ्याकडून घोडी आली. देशमुख उतरले, पाटील उतरले, आणि दोघे काठाशी आले. खाली एका हातात लिंग आणि एका हातात वाटी असा म्हातारा बसला होता आणि त्याचे तोंड भरलेले होते.

पाटलांना हसू आवरेना. "बघा सरकार. निंबळगीचं मयत. जेवतंय."

आणि ते नीट दाखवायला म्हणून पुढे वाकले. त्या वेळी खड्ड्याला दगड नव्हते. काठाची माती सरकली आणि धानोरीचे पाटील पागोट्यासकट आप्पांच्या मांडीशी येऊन पडले.

आप्पा घाईघाईने सरकले. "बसा, पाटील," ते म्हणाले. "जागा कमी हाय, माझ्या पावलाची हाय. हुग्गी घेता?"

पाटील ज्या वेगाने वर आले तो वेग त्या मुलखात पुन्हा कोणी पाहिला नाही म्हणतात. पायऱ्या होत्या, पण पाटलांनी त्या घेतल्या नाहीत. पागोटे खालीच राहिले. वर येऊन ते अंग झाडू लागले आणि आपल्याला काही होणार तर नाही ना, असे स्वामींना विचारू लागले.

देशमुख हसले नाहीत. ते आधी पाटलांकडे आणि मग खाली आप्पांकडे बघत राहिले. त्यांनी विचारले, की म्हातारबा, हे काय चालले आहे? तळहातावर लिंग होते, खोटे बोलायची सोय नव्हती. आप्पांनी बेलाच्या पानापासून हुग्गीपर्यंत सगळे सांगितले. घोंगडीशिवाय निजल्याचेही सांगितले, आणि खोट्या खोकल्याचेही.

"पण अट पुरण्याची होती," देशमुख म्हणाले.

"हुती, सरकार." आप्पांनी वाटी खाली ठेवली. त्यांना आपल्या बोलण्याची खात्री नव्हती. ती त्यांना कधीच नसे. ते चाचरत म्हणाले, "पर मेल्यालं माणूस हितनं जात न्हाई, त्यात त्याचं काय कौतिक? त्याला जाताच येत न्हाई. मला जाता येतंय. पाय धड हायत, पायऱ्या हायत. तरी मी हितंच हाय."

देशमुखांनी जोडे काढले, चार पायऱ्या उतरून पाटलांचे पागोटे उचलून वर दिले आणि ते पायरीवर बसले. मग निलव्वाकडे बघून म्हणाले, "बाई, आम्हाला पण थोडी वाढा."

खाऊन झाल्यावर ते उठले आणि म्हणाले, की गाव तुमचे. मात्र खड्डा बुजवायचा नाही. दर साली सुगीनंतर आमचा माणूस येईल आणि विचारील, की तिसरे काम झाले का. जोवर या खड्ड्यातून उत्तर येते तोवर गाव जागेवर आहे असे आम्ही समजू.

आप्पा त्यानंतर इतके जगले, की इतर लोक म्हातारे झाले. शब्द शब्दच होता. त्यांच्याआधी कोणालाही जाता येईना. ईरप्पाचे गुडघे गेले, मल्कप्पाचे दात गेले, आणि ते खड्ड्याच्या काठावर येऊन म्हणत, "आप्पा, जरा पुढं सरका की, मागं दाटी झालीय." आप्पा प्रत्येकाची क्षमा मागत. निलव्वाची मुलगी लग्न होऊन सासरी गेली, आणि बाळंतपणाला येऊन लेकरासह सुखरूप परत गेली. त्यानंतरच्या सुगीला एका दुपारी आप्पा जेवून कलंडले ते उठले नाहीत. निलव्वा उठवायला गेली तेव्हा वाटी चाटून पुसून ठेवलेली होती.

देशमुखांचा शब्द मोडायचा नव्हता, म्हणून आप्पांसाठी शेजारी दुसरी जागा खणली. सिद्रामप्पाने सुतळीने वडिलांचे पाऊल मोजले आणि ते माप नऊ वेळा टाकले. चौकोन पुन्हा बारकाच निघाला. निंबळगीच्या मातीत पहिले आप्पाच गेले. ईरप्पा आणि मल्कप्पा त्याच वर्षी, कोणालाही त्रास न देता, मागोमाग गेले. ते हसतमुखाने गेले असे सांगतात. ते कितपत खरे, कोण जाणे. खड्डा मात्र उघडाच राहिला आणि पुढे तो दगडाने बांधून काढला.

आजही सुगीचा सण झाला, की दुसऱ्या दिवशी गावातले सगळ्यात वयस्कर माणूस वाजतगाजत दफनभूमीत आणतात. त्याला हाताला धरून पायऱ्या उतरवतात, कोनाड्यात बसवतात आणि हातात हुग्गीची वाटी देतात. देशमुखी गेली, विचारण्याचा मान आता धानोरीच्या पाटलांच्या घराकडे आहे, कारण त्या खड्ड्यात पडून वर आलेला त्यांचाच पूर्वज. पाटील काठापासून चांगले लांब उभे राहतात, पागोटे हाताने धरतात आणि विचारतात, "झालं का?" त्या क्षणी हलगी थांबते. पोरे आयांच्या कडेवर असतात, पुरुष खाली बघत असतात. खालून उत्तर येते, "अजून न्हाई." आणि हलगी पुन्हा सुरू होते. वर्षभर कोणी आपली पाळी सोडून पुढे घुसणार नाही, असा गावाचा समज आहे. तो दर वर्षी खरा ठरतोच असे नाही. पण विचारायचे कोणी थांबवलेले नाही.

गेल्या साली पाळी गुरव्वाबाईंची होती. त्या नव्वदीच्या पुढच्या, ऐकायला कमी. पाटलांनी विचारले. उत्तर आले नाही. पाटलांनी पुन्हा, मोठ्याने विचारले. तरी काही नाही. हलगीवाल्याने हलगी छातीशी धरली. एका नव्या सुनेने कडेवरचे मूल दोन्ही हातांनी आवळले. पाटलांनी तिसऱ्यांदा विचारले, आणि त्या पडलेल्या पूर्वजानंतर त्यांच्या घराण्यात कोणी केले नव्हते ते करून ते काठापर्यंत गेले व खाली वाकले.

गुरव्वाबाईंनी मान वर केली. गाल फुगलेले होते. त्यांनी सावकाश घास गिळला, पदराने तोंड पुसले.

"गिळू तर द्याल," त्या म्हणाल्या, "अजून न्हाई."